गाडी तिघींची, घड्याळ माझं

रोहिणी,

तू असतीस तर गेला महिनाभर टीव्हीसमोरून हलली नसतीस. एकेक मोठी बँक आडवी पडतेय, ऑफिसात माणसं कामं टाकून शेअरचे भाव बघत बसली आहेत, आणि रोज एखादा टायवाला येऊन सांगतो की असं काही होईल हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. तू त्याला सांगलीकडची एक ठेवणीतली शिवी हासडली असतीस आणि लगेच मला फोन लावला असतास. "मेधा, बघतेयस ना? आता आपल्याच घराला आग लागल्यावर कसा बदाबदा पैसा ओततील बघ. दुसऱ्याचं घर जळत होतं तेव्हा शिस्तीचे धडे देत होते." मग तुझं तासभर चाललं असतं आणि मी 'हं, हं' करत डिशवॉशर लावला असता.

तुला जाऊन पाच आठवडे झाले. परवा बातम्या बघता बघता मी खरंच फोन उचलला आणि तुझा टेक्सासचा, प्लेनोचा नंबर अर्धा फिरवला. पुढचे आकडे फिरवायच्या आधी लक्षात आलं.

डॅलसच्या मंडळींनी तुझ्यासाठी सभा घेतली. सगळे तुझ्या हुशारीबद्दल, तुझ्या पेपरांबद्दल बोलले म्हणे. मी गेले नव्हते. जे त्यांना माहीत आहे ते त्यांनी सांगितलं असेल. मला जे सांगायचंय ते तुझ्याखेरीज कुणाला सांगता येत नाही, आणि तुला सांगायची वेळ मी घालवली.

२००१च्या उन्हाळ्यात आपण तिघी न्यूजर्सीतल्या वेस्ट विंडसरच्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या अपार्टमेंटमध्ये राहायला आलो. मी नागपूरची, सॉफ्टवेअरवाली, नोकरी पक्की. कविता पुण्याची, तीही सॉफ्टवेअरवाली, पण तिला कंपनीनं तीन महिन्यांत नारळ दिलेला, त्यामुळे दुसरी नोकरी मिळेपर्यंत तिचे प्राण कंठाशी. आणि तू सांगलीची, अर्थशास्त्रात पीएच.डी. करणारी, स्टायपेंडवर जगणारी, आणि तरीही तिघींत सगळ्यात निवांत. मला गाडी चालवायला तूच शिकवलंस. तुझ्या डिपार्टमेंटमधल्या कुणाची तरी गाडी मागून आणायचीस आणि रविवारी सकाळी मॉलच्या रिकाम्या पार्किंगमध्ये मला गोल गोल फिरवायचीस. "अगं, क्लच नाहीये इथे, डाव्या पायाला सुट्टी दे. आणि स्टिअरिंगचा गळा दाबू नकोस, ते पळून नाही जाणार." मी पहिल्या प्रयत्नात लायसन्स मिळवलं. तुझ्याकडून शिकले हे मी नंतर फारसं कुणाला सांगितलं नाही.

मग आपण एक जुनी करडी गाडी घेतली. तिघींची. कर्ज तेवढं माझ्या नावावर, कारण क्रेडिट हिस्टरी नावाची चीज फक्त माझ्याकडे होती. आणि मी लगेच फ्रिजवर तक्ता लावला. मी तक्ते करणारी बाई आहे, आईच्या पोटातून तक्ता घेऊनच आले असेन. सकाळी साडेआठला मला ऑफिसला सोडायचं, मग गाडी तुमची, साडेपाचच्या ठोक्याला मला घ्यायला हजर. तुझे सेमिनार आणि कविताचे इंटरव्ह्यू जे काय असतील ते मधल्या वेळात बसवायचे. खाली लाल पेनानं एक नियम: जिचा हप्ता थकेल तिची आठवड्याच्या दिवसांतली पाळी गेली. कवितानं मुकाट्यानं मान डोलावली. तू तक्ता नीट वाचलास, भडंगाचा बकाणा भरलास आणि म्हणालीस, "गाडी तिघींची, घड्याळ तुझं. मेधा, तू म्हणजे माझ्या पीएच.डी.चा तिसरा चॅप्टर आहेस गं."

मला कळेना, यात चॅप्टर कुठून आला. मग तू मला अर्जेंटिना समजावलास. तिथे कायदाच होता, एक पेसो म्हणजे एक डॉलर. दहा वर्षं लोकांना त्याचा केवढा अभिमान. पण डॉलर वधारला की पेसोनंही वधारायचं, मग शेजारच्या ब्राझीलनं आपलं चलन पाडलं आणि यांचा माल कुणी घेईना. व्याजाचे दर ठरायचे वॉशिंग्टनला, ते अमेरिकेची तब्येत बघून. "ताप हिला आणि थर्मामीटर तिच्या तोंडात," असं काहीतरी तू म्हणाली होतीस. मी म्हटलं होतं, मग कशाला बांधून घेतलं स्वतःला? तू म्हणालीस, चांगल्या दिवसांत दणकट माणसाच्या कमरेला दोर बांधला की सगळ्यांनाच बरं वाटतं.

त्या डिसेंबरात तिथे सगळं कोसळलं. बँकांनी लोकांचे पैसे अडकवले आणि बायका पातेली बडवत रस्त्यावर आल्या. तू कॉलेजला गेलीच नाहीस, टीव्हीसमोर फतकल मारून बसलीस. आपलं पहिलं मोठं भांडण त्या दिवशी झालं. मी म्हटलं, "कर्ज काढताना कुणी बंदूक लावली होती का? आधी उधळायचं आणि मग पातेली बडवायची! रीपे करता येत नाही तर घ्यायचं कशाला?" तू टीव्हीचा आवाज बंद केलास. "त्यांचं चुकलंच. मी कुठे नाही म्हणतेय? पण चुकल्यावर सावरायला जी हत्यारं लागतात ती त्यांच्याकडे नाहीत, ती दुसऱ्याच्या कपाटात आहेत. आणि तो दुसरा काही दुष्ट नाहीये गं. त्याच्या घरी कुणाला ताप नाही, एवढंच." मी म्हणाले, ही सगळी आळशी लोकांची वकिली आहे. तू हसलीस आणि आमटी टाकायला उठलीस.

पुढच्या महिन्यात तुझ्या कुणा मित्रानं पाच युरोची कोरी नोट आणून दिली. बारा देशांची एक नोट. तू ती बुकमार्क म्हणून पुस्तकात ठेवायचीस. "आता सांग, यात घड्याळ कुणाचं?" म्हणून मला छळायचीस. "जर्मनीचं. अजून कुणाला ते दिसत नाही, कारण अजून कुणाला उशीर झालेला नाही." मी म्हणायचे, युरोप म्हणजे अर्जेंटिना नव्हे, तिथे सगळं लिहून ठेवलंय, सरकारी तुटीला मर्यादा आहे, मोडली तर दंड आहे. लिहून ठेवलेल्या गोष्टींवर माझा तेव्हा फार विश्वास होता. हा वाद आपण इतक्या वेळा घातला की कविता कानांवर उशी दाबायची.

आता २००३. हे तुझ्याशी कधीच बोलले नाही, म्हणून नीट लिहिते.

तुला पेनसिल्व्हेनियातल्या एका लहान कॉलेजातून इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं. पक्की नोकरी, तुझाच विषय. बुधवारी सकाळी अकराला. तिथे ट्रेन जात नव्हती, गाडी दिवसभर लागणार होती. आणि तुझे दोन हप्ते थकले होते, कारण तू सांगलीला पैसे पाठवले होतेस. माझ्या सॉफ्टवेअरचा त्या बुधवारी रिलीज होता. मी एक दिवस कुणाकडे तरी राइड मागू शकत होते. आमच्या टीममधले तिघे आपल्याच कॉम्प्लेक्समध्ये राहायचे. पण तू विचारलंस आणि मी फ्रिजकडे बोट दाखवलं. रागानं नाही गं. मी अगदी शांतपणे म्हणाले, "रोहिणी, नियम आपण तिघींनी मिळून केलाय. आज तुझ्यासाठी मोडला तर उद्या त्याला काय अर्थ राहील?" कविता म्हणाली, "अगं पण इंटरव्ह्यू आहे यार तिचा!" मी म्हणाले, म्हणूनच तर आधीपासून प्लॅन करायला हवं होतं.

तू तीन बस बदलून गेलीस. तासभर उशिरा पोचलीस. कमिटीतले दोघे निघून गेले होते. नोकरी दुसऱ्या कुणाला मिळाली.

तू मला एक शब्द बोलली नाहीस. त्याच सुमाराला बातमी आली की युरोपातल्या सगळ्यात मोठ्या दोन देशांनी स्वतःच तुटीची मर्यादा ओलांडली आणि त्यांना दंड काही झाला नाही. तू पेपर माझ्यासमोर ठेवलास. "बघ, ज्यांनी नियम लिहिला तेच सुटले." आणि माझ्याकडे बघत राहिलीस. मला आठवलं. आदल्या वर्षी साखरपुड्यासाठी मी नागपूरला गेले होते तेव्हा माझेच दोन हप्ते राहिले होते. तुम्ही दोघींनी भरले होते. माझी पाळी गेली नव्हती, गेल्याचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं, माझ्या तर नाहीच. मी पेपर घडी करून ठेवला आणि म्हणाले, "भाजीला काय करायचं?"

त्यानंतर तुला टेक्सासमध्ये मिळाली ती वर्षावर्षाची, टेकूवरची नोकरी. माझं अविनाशशी लग्न झालं, याच गावात घर झालं, ईशा झाली. कविता अटलांटाजवळ अल्फारेटाला गेली. गाडी विकली तेव्हा आलेल्या पैशांचे मी तीन समान भाग करून पाठवले, सेंटपर्यंत अचूक, आणि मला वाटलं आपला हिशोब पुरा झाला.

तू मात्र नातं सोडलं नाहीस. दर रविवारी फोन. ईशाच्या प्रत्येक वाढदिवसाला सांगलीहून मागवलेलं भडंग, जे ती खायची नाही आणि मी एका बैठकीत संपवायचे. साध्या माणसांसाठी मराठीत पैशावर पुस्तक लिहायला घेतलंस आणि एकेक प्रकरण मला पाठवू लागलीस. "तू पहिली वाचक. तुला पटलं तर कुणालाही पटेल." इतकी वर्षं मला पटत नसताना तू मला समजावत राहिलीस. माझ्याशी इतका वेळ घालून भांडणारं दुसरं माणूस मला मिळालेलं नाही. हे तुला कधीतरी सांगायला हवं होतं. चांगलं काही सांगायचं असलं की माझी जीभ टाळूला चिकटते.

आणि मग या एप्रिलमधला तो फोन. ऑपरेशन झालंय, केमो घ्यायची आहे, हे तू इतक्या सहज सांगितलंस की मला आधी वाटलं दुसऱ्या कुणाचं सांगते आहेस. "मेधा, इथे एकटीनं जमेलसं वाटत नाही. प्लेनोमध्ये गाडीशिवाय पान हलत नाही, आणि केमोनंतर गाडी चालवायची नाही. चार महिने तुझ्याकडे येऊ का? बेसमेंटमध्ये पडून राहीन." इतक्या वर्षांत तू माझ्याकडे दोनदाच काही मागितलंस. एकदा गाडी, आणि एकदा हे.

मी नाही म्हटलं नव्हतं. हे वाक्य मी गेले पाच आठवडे घोकते आहे. मी म्हणाले, "अगं ये ना, विचारतेस काय!" आणि दुसऱ्या दिवशी तुला स्प्रेडशीट पाठवलं. बेसमेंटचं काम मेअखेर पूर्ण होईल. सासूबाई बारा जूनपर्यंत आहेत. माझा रिलीज वीसला. तुझा इन्शुरन्स न्यूजर्सीत चालतो का ते आधी लेखी घे. इथल्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट मिळाल्यावरच तिकीट काढ. कॉलेजचं रजेचं पत्र स्कॅन करून पाठव. प्रत्येक ओळीपुढे तारीख, आणि कुठली गोष्ट कशावर अवलंबून आहे त्याचे बाण. अविनाश बघून म्हणाला, "तू आजारी माणसाला प्रोजेक्ट प्लॅन पाठवतेयस?" मी म्हणाले, नीट प्लॅन केलं नाही तर तिचेच हाल होतील. मला खरंच तसं वाटत होतं. त्यातली एकही ओळ चुकीची नव्हती, रोहिणी. आजही काढून बघितलं तर एकही ओळ चुकीची नाही.

तुझं उत्तर आलं: "तक्ता सुंदर झालाय. केमो थांबायला तयार नाही, म्हणून इथेच सुरू करते. जूनमध्ये बघू." मी निर्धास्त झाले. आत्ता खरं बोलायचं ठरवलंच आहे तर हेही लिहिते, की माझा जीव भांड्यात पडला.

जून आला. मी विचारलं, तारीख पक्की करू का? तू म्हणालीस, बघू. जुलैत शेवटचं नीट बोललो. तुझा आवाज खोल गेला होता, पण मी युरोपचा विषय काढल्यावर तू उठून बसलीस, बेडचा आवाज मला ऐकू आला. मी चिडवलं, "सहा वर्षं झाली तुझ्या भाकिताला. चाललंय की सगळं छान!" तू म्हणालीस, "आज दक्षिणेकडच्या देशांना जर्मनीइतकंच स्वस्त कर्ज मिळतंय. बाजाराला वाटतंय, सगळे एकाच घरातले. एकाचं कर्ज थकू दे, मग कळेल घर कुणाचं." थोडा वेळ नुसता तुझा श्वास ऐकू येत होता. मग म्हणालीस, "मदत येईल गं. मदत येतेच. पण आधी यादी येईल. आणि यादीतलं सगळं पूर्ण होईपर्यंत माणूस..." आणि तुला खोकला आला. तू युरोपबद्दलच बोलत होतीस का, हे मी विचारलं नाही. म्हणाले, "आता विश्रांती घे, रविवारी बोलू."

तू गेल्यावर कवितानं मला फोनवर सगळं सांगितलं. तुझा आवाज ऐकून ती काही न विचारता अटलांटाहून विमानात बसली होती. तिची तरी कुठे नोकरी पक्की होती? बिनपगारी रजा टाकली आणि शेवटचे तीन आठवडे तुझ्यापाशी राहिली. तिनं सांगितलं, एकदा टॅक्सी आली नाही म्हणून केमोनंतर तू स्वतःच ड्राइव्ह करत निघालीस, हायवेच्या कडेला गाडी थांबवून ओकलीस, आणि उन्हात अर्धा तास तशीच बसून राहिलीस. मी रडत म्हणाले, "मला का नाही सांगितलं तिनं? मी आले असते." कविता म्हणाली, "तू डेट्स विचारत बसलीस, यार."

मला तुझा राग येतो. तू भांडायला हवं होतंस. पेसोसाठी भांडलीस, युरोसाठी भांडलीस, जगातल्या सगळ्या थकलेल्या देशांची बाजू घेऊन माझ्या स्वयंपाकघरात उभी राहिलीस, आणि स्वतःची वेळ आली तेव्हा 'तक्ता सुंदर झालाय' म्हणून मोकळी झालीस? एकदा ओरडली असतीस, "मेधा, गाढवा, मी मरतेय," तर मी ते स्प्रेडशीट फाडून पुढचं विमान पकडलं असतं. असं मी स्वतःला सांगते. मग मला ते फ्रिजकडे दाखवलेलं बोट आठवतं, आणि पकडलं असतंच याची खात्री राहत नाही.

तुझ्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण माझ्या इनबॉक्समध्ये मेपासून पडून होतं. सवडीनं वाचू म्हणून ठेवलेलं. गेल्या आठवड्यात वाचलं. युरोवरचं आहे आणि अर्धंच आहे. मला सगळं पटलं. पहिल्यांदा पटलं, आणि कळवायला पत्ता नाही.

काल सकाळी सांगलीहून तुझ्या आईचा फोन आला. मी त्यांना आजवर एकदाच भेटलेय, त्या तुझ्या पदवीदानाला आल्या होत्या तेव्हा. त्यांचा आवाज ऐकल्यावर मी खुर्ची ओढून बसले. वाटलं, आता विचारतील. विचारतील की मेधा, एवढं मोठं घर आहे म्हणे तुझं, मग माझी लेक एकटी का राहिली? मी पाच आठवडे या प्रश्नाची वाट बघत होते. खरं सांगते, विचारला असता तर मला बरं वाटलं असतं.

त्या म्हणाल्या, "मेधा, तुझ्याशी बोलायचं राहूनच गेलं होतं बघ. रोहिणी सारखी सांगायची, मेधा रोज फोन करून बोलावतीय, खोलीसुद्धा तयार करून ठेवलीय, मीच जात नाही, तिला लहान मूल आहे. मी रागावले तिला. म्हटलं, इतक्या मायेनं बोलावतीय तर जा की बाई. ऐकली नाही. पण मला इथे तेवढाच धीर होता, की तिकडे तिचं कुणीतरी आहे." नाक पुसल्याचा आवाज आला. "परक्या मुलखात कोण कुणासाठी एवढं करतंय, बाळ? तुझे उपकार मी विसरायची नाही."

मला बोलायला एवढा वेळ मिळाला होता. समोर ईशा सिरियल खात होती, अविनाश पेपर वाचत होता, सगळं घर शांत होतं.

मी म्हणाले, "असू द्या हो, काकू. त्यात काय एवढं."